पंधरा आकड्यांची सुरमई

१

डॉक्टर हितेश नागवेकरांनी ते पांढरं यंत्र मांजरीच्या मानेवरून तिसऱ्यांदा फिरवलं आणि तिसऱ्यांदाही ते मुकंच राहिलं.

"चिप नाही," डॉक्टर म्हणाले.

"नाही म्हणजे?" निशिगंधाने विचारलं. "जानेवारीत तुम्हीच तर बसवलीत."

"मी एका मांजरीला बसवली, वहिनी. पण या मांजरीच्या अंगात चिप नाही. म्हणजे ही ती मांजर नव्हे."

टेबलावरची करडी मांजर शांतपणे डॉक्टरांच्या बाहीचा वास घेत होती. शेपटीचं टोक पांढरं, कपाळावर गडद पट्टा. माशासारखाच तिचा रंग, म्हणून नाव सुरमई. रत्नागिरीजवळच्या मिऱ्या गावातल्या पिलणकरांच्या घरातली ती चार वर्षांची लाडकी मांजर होती. निदान गेल्या पाच मिनिटांपर्यंत तरी सगळ्यांना तसंच वाटत होतं.

कोपऱ्यातल्या खुर्चीत संध्या शिवलकर बसल्या होत्या. शेजारधर्म म्हणून सोबतीला आलेल्या. त्यांनी पर्स मांडीवरून खाली ठेवली आणि कान टवकारले.

प्रकरण साधं नव्हतं. निशिगंधाचा नवरा सर्वेश दोन वर्षांपासून जर्मनीत हाम्बुर्गला जहाजांच्या कारखान्यात वेल्डर होता. निशिगंधा स्वतः नर्स. पुण्यात राहून चार महिने जर्मन भाषा घोकली, परीक्षा दिली आणि तिथल्या हॉस्पिटलात नोकरी मिळवली. आता ती आणि नऊ वर्षांची सानिका शुक्रवारच्या विमानाने निघायच्या होत्या. सानिकाने जायला होकार दिला होता तो एकाच अटीवर, सुरमई बरोबर आली पाहिजे.

मांजर परदेशी न्यायची म्हणजे खेळ नव्हे. तांदळाच्या दाण्याएवढी चिप कातडीखाली घालायची, तिच्यात पंधरा आकडी नंबर. मग त्या नंबरावर रेबीजची लस, महिन्याने रक्त काढून बाहेरच्या लॅबला पाठवायचं, मग तीन महिने थांबायचं. सगळ्या कागदांवर तोच नंबर. गुरुवारी मुंबईच्या क्वारंटाइन ऑफिसात ना-हरकत मिळायची होती आणि आज मंगळवारी फक्त डॉक्टरांचा शेवटचा दाखला बाकी होता.

"वजनही जुळत नाही," डॉक्टर फाइल चाळत म्हणाले. "जानेवारीत दोन किलो नऊशे. फेब्रुवारीत तेवढंच. आज चार किलो शंभर. आणि स्वभाव! त्या मांजरीने मला दोन्ही वेळा फोडून काढलं होतं. हे बघा."

त्यांनी मनगट पुढे केलं. तिथे जुन्या ओरखड्याची पांढरी रेघ होती. टेबलावरची मांजर त्याच मनगटाला डोकं घासू लागली.

"कुणीतरी माझी सुरमई बदलली," निशिगंधा हळूच म्हणाली. तिने वळून पाहिलं. "संध्याताई, आता सानिकाला काय सांगू?"

संध्याताई उठल्या. बावीस वर्षं त्यांनी एसटीत कंडक्टरकी केली होती आणि गेल्या वर्षी निवृत्त झाल्या होत्या. गच्च भरलेल्या गाडीत विनातिकीट माणूस कोण, हे त्या पाठमोरं बघूनही ओळखायच्या. निवृत्तीनंतर वाडीत कुणाचं काही हरवलं, की माणसं आधी त्यांच्या दारात यायची आणि मग देवाकडे कौल लावायला जायची.

"एवढ्यात काही सांगू नकोस," त्या म्हणाल्या. "मुंबईची गाडी सुटायला अजून दीड दिवस आहे."

निशिगंधाने रिकामी पिशवी टेबलावर ठेवली. विमानात न्यायची जाळीची, निळी पिशवी. मांजर स्वतःहून आत शिरली, गोल फिरली आणि डोळे मिटून बसली.

संध्याताईंनी ते पाहिलं आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. का पडली, ते त्यांनाही त्या क्षणी सांगता आलं नसतं.

२

बाहेर सदू नार्वेकर रिक्षा घेऊन थांबला होता. पिलणकरांच्या घरचा हा ठरलेला रिक्षावाला. परतीच्या वाटेवर, निशिगंधा फोनवर सर्वेशशी बोलण्यात गुंतलेली असताना, संध्याताईंनी पुढे वाकून विचारलं, "सदू, ही पिशवी तुझ्याकडे कधी होती का?"

सदूने आरशातून पाहिलं. "काल होती की. चेन अडकत होती, वहिनींनी चांभाराकडे न्यायला सांगितलं. पण रिकामी हो! मांजर नव्हती आत." मग एकदम सावध होऊन म्हणाला, "ताई, माझ्यावर संशय नाय ना? मला शिंका येतात मांजराने. जानेवारीत वहिनींच्या सासऱ्यांना, आबांना, मांजर घेऊन नेलं तेव्हा दोन दिवस नाक गळत होतं."

"दोन्ही वेळा आबांना तूच नेलंस?"

"मीच. निशिगंधावहिनी पुण्याला होत्या ना तेव्हा. काय ओरडत होती ती मांजर! माळनाक्यावर माणसं वळून वळून बघत होती. मी आबांना म्हटलं, तुम्ही रत्नागिरीतच एवढी रडवताय, विमानात काय करेल?"

"आबा काय म्हणाले?"

"काय नाय. वळणावरच्या रुपालीवहिनींच्या फाटकाशी रिक्षात चढले ते उतरेपर्यंत तोंडातून शब्द नाय."

रिक्षा मिऱ्याच्या रस्त्याला लागली. एक जूनपासून मासेमारीची बंदी सुरू झाली होती. होड्या किनाऱ्यावर ओढून माडाच्या झापांनी शाकारून ठेवल्या होत्या आणि माणसं सावलीत बसून जाळी विणत होती.

घरी पोचताच सानिका धावत आली. तिने पिशवीची चेन उघडली, मांजरीला उचललं आणि खांद्यावर टाकलं.

निशिगंधाला राहवलं नाही. "सानू, डॉक्टर म्हणतात ही आपली सुरमई नाही."

सानिकाने आईकडे असं पाहिलं, जणू आईला सूर्य पश्चिमेला उगवलेला दिसला होता.

"ही सुरमईच आहे."

"अगं, पण चिप..."

"चिपबिप मला माहीत नाही. ही सुरमई आहे." आणि ती तिला घेऊन मागीलदारी निघून गेली.

"बिचारी," निशिगंधा म्हणाली. "तिला पटतच नाहीये."

एसटीत संध्याताई एक गोष्ट शिकल्या होत्या. पोराचं वय विचारलं तर आईबाप चार सांगतात, पोर मात्र हात वर करून "मी सातचा" असं मोठ्याने सांगतं.

३

पडवीत झोपाळ्यावर महिपत पिलणकर बसले होते. निशिगंधाचे सासरे, वाडीचे आबा. पंचेचाळीस वर्षं समुद्रात होडी हाकलेले तांडेल. बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. घरची होडी आता पुतण्या अनिल चालवायचा.

"पोलिसात जा!" बातमी ऐकताच आबा गरजले. "मांजर बदलतात म्हणजे काय? आज मांजर बदललान, उद्या माणूस बदलतील!"

"कुणाचा संशय येतो आबा?"

"माझा कुणावर नाय. मला वाटतं, यंत्रच बिघडलंय. त्या यंत्रांचा काय भरवसा गो? आमच्या होडीवरचा जीपीएस एकदा आम्हाला थेट पावस गावच्या आंब्याच्या बागेत दाखवत होता."

"डॉक्टरांनी स्वतःच्या कुत्र्यावर तपासून दाखवलं. वाजलं लगेच."

आबांनी झोपाळ्याला पायाने रेटा दिला.

"बरं, मला एक सांगा. जानेवारीत तुम्ही सुरमईला नेलंत, तेव्हा ती वागली कशी?"

"गरीब गाय. गुमान बसली. कोणाला काय त्रास दिलान नाय. तेव्हाच फोन करून सांगितलं होतं मी निशिगंधाला."

"सांगितलं होतं ना," निशिगंधा म्हणाली. "मला किती बरं वाटलं होतं त्या दिवशी."

संध्याताईंच्या डोळ्यांसमोर डॉक्टरांचं मनगट आलं. कानात सदूचं वाक्य घुमलं. दोन माणसं म्हणतात मांजर वाघीण होती, एक म्हणतो गाय होती.

त्या पुढे काही विचारणार, तेवढ्यात स्वयंपाकघरातून भांडं पडल्याचा आवाज आला. दोघी धावल्या. करडी मांजर जाळीच्या कपाटासमोर मागच्या पायांवर उभी होती. एका पंजाने तिने खालची कडी वर ढकलली, दुसऱ्याने दार ओढलं आणि तळलेली मांदेली तोंडात धरून खिडकीतून पसार झाली.

निशिगंधा जागीच उभी राहिली. "ही कडी उघडायची युक्ती तर फक्त सुरमईलाच..."

"येते," संध्याताईंनी वाक्य पुरं केलं. "मग आता मला सांग. घरात आहे ती खरी सुरमई. मग डॉक्टरांकडे जानेवारीत गेली ती कोण?"

४

रुपाली भाटकरचं घर त्याच गल्लीच्या वळणावर होतं. सुक्या मच्छीचा तिचा धंदा. हर्णेहून माल आणायचा, बाजारात बसून विकायचा. सुरमईचा जन्म तिच्याच खोपीतला, सोड्यांच्या टोपल्यांमागे. तिथे दोन करड्या बहिणी जन्मल्या. एक पिलणकरांकडे आली, दुसरी रुपालीने ठेवली. तिचंही नाव माशाचंच, मोरी.

"ये गो संध्याताई," रुपालीने बसायला पाट दिला. हात पुसले, पण नजर दिली नाही. "तुझ्यासाठी थोडी सुकी कोलंबी बांधू?"

"नको. मोरी कुठे आहे?"

रुपालीचा हात थांबला. "मोरी... मोरी नाय इथे. पावसला गेली."

"मांजर पावसला गेली?"

"बहिणीकडे पाठवली शनिवारी. तिच्याकडे आंब्याच्या पेट्या ठेवायच्या खोलीत उंदीर झालेत ना."

निशिगंधा मागेच उभी होती. ती पुढे झाली. तिचा चेहरा लाल झाला होता. "वहिनी, दोन्ही मांजरी हुबेहूब सारख्या. आमचं नेमकं निघायचं ठरतं आणि त्याच आठवड्यात तुमची मोरी पावसला? आमच्या सुरमईने तुमचे बोंबील खाल्ले म्हणून तुम्ही मागे केवढा गहजब केला होता!"

"अगो, बोंबलांसाठी मी कुणाची मांजर पळवीन?" रुपालीचे डोळे भरून आले. "मी सांगितलं असतं. कधीच सांगितलं असतं. पण मला शपथ घातलीय."

"कुणी?"

रुपालीने तोंडावर पदर धरला आणि ती आत निघून गेली. दार लागलं. कडीचा आवाज आला.

निशिगंधा त्या बंद दाराकडे बघत राहिली. "शपथ कोण घालणार हिला?"

संध्याताई पायरीवर बसल्या. समोर रस्त्याच्या कडेला रुपालीचं फाटक होतं, आणि त्या फाटकापासून पिलणकरांचं घर शंभर पावलांवर. रिक्षा ज्याच्या दारात येते, तो माणूस शंभर पावलं चालत जाऊन दुसऱ्याच्या फाटकात रिक्षाची वाट बघत का उभा राहील?

त्यांनी सदूला फोन लावला. "सदू, उद्या सकाळी पावसला जायचंय. नाकाला रुमाल बांधून ये."

५

बुधवारी दुपारी पिलणकरांच्या दारापुढच्या खळ्यात सगळे जमले. संध्याताईंच्या विनंतीवरून डॉक्टर हितेश यंत्र घेऊन आले होते. रुपाली खांबाला टेकून उभी होती. सदू शिंकत होता. आबा झोपाळा सोडून खळ्यात आले नव्हते, पडवीतूनच बघत होते. सानिका सुरमईला कुशीत घेऊन आबांच्या पायाशी बसली होती.

खळ्याच्या मधोमध माशांची एक टोपली होती, वर जाळं बांधलेलं. तिच्यात पावसहून आणलेली मोरी.

"मला फार काही बोलायचं नाही," संध्याताई म्हणाल्या. "दोन मिनिटांची गोष्ट आहे. सानू, सुरमईला खाली सोड."

सानिकाने तिला सोडलं. संध्याताईंनी निळी पिशवी उघडून जमिनीवर ठेवली. सुरमई आली, हुंगली, आत शिरली आणि पाय दुमडून बसली.

"आता हिला बाहेर काढ. सदू, मोरीला सोड."

जाळं सुटताच मोरी टोपलीबाहेर आली, अंग झटकलं, चार पावलं ऐटीत चालली. मग तिला ती पिशवी दिसली. तिची शेपटी बाटली घासायच्या ब्रशासारखी फुलली. ती फिसकारली आणि एका झेपेत रुपालीच्या खांद्यावर चढली.

"बघितलंत?" संध्याताई म्हणाल्या. "एसटीत तपासनीस चढला की कोण दचकतो? ज्याला आधी एकदा दंड झालाय तो. बाकीची माणसं खिडकीबाहेर बघत बसतात. काल दवाखान्यात सुरमई या पिशवीत अशी झोपली, जणू तिचं आजोळ. या पिशवीत बसून जिने दोनदा सुया खाल्ल्या, ती अशी झोपेल? काल मला तेच खटकलं होतं. आपण सगळे विचारत होतो, या आठवड्यात मांजर कुणी बदलली. पण या आठवड्यात कुणीच काही बदललं नाही. मांजर बदलली गेली जानेवारीत. चिप, लस, रक्त, सगळं मोरीचं झालं. डॉक्टर, जरा बघता?"

डॉक्टर सांभाळून पुढे आले. रुपालीने मोरीला घट्ट धरलं. यंत्र मानेजवळ नेताच टीं करून आवाज आला. डॉक्टरांनी फाइल उघडली आणि एकेक आकडा वाचला. पंधराच्या पंधरा जुळले.

"वजन दोन किलो नऊशेच असणार," ते पुटपुटले आणि पंजा येण्याआधी चपळाईने मागे सरले.

"सदूने जानेवारीत आबांना या दारातून नाही, रुपालीच्या फाटकातून घेतलं," संध्याताई पुढे म्हणाल्या. "मांजर रस्ताभर ओरडली. आणि आबा म्हणतात गाय होती. आबांनी सांगितली ती सुरमईची वागणूक, कारण निशिगंधालाही फोनवर तेच सांगून बसले होते."

निशिगंधा सावकाश सासऱ्यांकडे वळली.

"आबा?"

आबा पडवीच्या पायरीपर्यंत आले आणि तिथेच बसले. दर्यावरचा तो रुंद माणूस एकदम लहान दिसायला लागला.

"तेवीस जानेवारी," ते म्हणाले. "तू पुण्याहून फोन केलास, आज डॉक्टरांकडे चिप आलीय, आजच न्या. आणि सुरमई घरात नव्हती. अनिलच्या होडीत जाळ्यावर झोपली आणि होडी सुटली तरी कुणाला कळलं नाय. पाच दिवसांनी आली, मासे खाऊन ही एवढी फुगून. आदल्या सांजेला होडीत तिला मीच घेऊन गेलो होतो, म्हणून तुला सांगायची हिंमत झाली नाय. वाटलं, सुईच टोचायचीय ना, कुठलीही मांजर चालेल. रुपालीची मागून नेली."

"मी नको म्हणत होते," रुपाली म्हणाली. "पण आबांनी पाया पडायचंच काय ते बाकी ठेवलं."

"मग डॉक्टर म्हणाले, पुढच्या वेळी हीच मांजर आणा, नंबर जुळला पायजे. तेव्हा कळलं काय करून बसलो ते. मग फेब्रुवारीतही मोरीच न्यावी लागली. काल परत मीच नेणार होतो, तर मोरी पावसला आणि तू म्हणालीस, मी येते." त्यांनी डोक्यावरची टोपी काढली. "बाय गो, फयानच्या वादळात होडी हाकलीय मी. पण तुझा फोन आला की सांगायची छाती होत नव्हती."

निशिगंधाने ती जाडजूड फाइल उचलली, छातीशी धरली आणि घरात गेली. आतून तिच्या रडण्याचा आवाज आला तेव्हा सुरमईसुद्धा कान पाडून बसली.

६

संध्याताई आबांशेजारी पायरीवर टेकल्या.

"आबा, एक राहिलं. पहिल्या वेळची गफलत मला पटली. पण दुसऱ्या वेळी महिना गेला होता. तेव्हा कबूल केलं असतं, तर चिप पुन्हा बसवून सगळं मार्गी लागलं असतं. थोडा उशीर झाला असता इतकंच."

आबांनी मान खाली घातली. ते सुरमईच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

"पयल्या वेळी नव्हतं मनात," ते शेवटी म्हणाले. "दुसऱ्या वेळी... जरासं आलं. मुलगा गेला. सून जाणार, नात जाणार. म्हटलं मांजर तरी राहील. रात्री कोणीतरी भांडं पाडायला पायजे ना घरात."

दारात निशिगंधा उभी होती. तिने ते ऐकलं होतं.

ती आली आणि सासऱ्यांच्या समोर जमिनीवर बसली. "मला का नाही सांगितलंत हे? मांजरीचं नाही. हे."

डॉक्टर घसा खाकरून म्हणाले, "एक मार्ग आहे. मोरीचे सगळे कागद तयार आहेत. दिसायला दोघी सारख्याच. मी दाखला देऊ शकतो, त्यात खोटं काही नाही. रुपालीवहिनींची हरकत नसेल तर..."

रुपालीने मोरीला कुरवाळलं. "पोरीचं मन राहत असेल तर न्या," ती म्हणाली. पण हात काही सैल सोडले नाहीत.

सगळ्यांनी सानिकाकडे पाहिलं. सानिका उठली, रुपालीजवळ गेली आणि मोरीच्या नाकाला बोट लावलं. मोरीने तिला ओरखडा काढायचा प्रयत्न केला.

"नको," सानिका म्हणाली. "हिला तिथे काकूची आठवण येईल. आणि मला ही बघितली की सुरमईची येईल." मग ती डॉक्टरांकडे वळली. "सुरमईला नवीन चिप बसवली तर किती दिवस लागतील?"

डॉक्टरांनी बोटांवर महिने मोजले. "आज चिप आणि लस. जुलैत रक्त. मग तीन महिने. ऑक्टोबरात निघू शकेल. पण अडचण अशी की मांजर मालकाबरोबरच जायला हवी. तुम्ही शुक्रवारी गेलात की तुमच्या नावावर ती चार महिन्यांनी येऊ शकत नाही. ऑक्टोबरात तिच्याबरोबर जो विमानात बसेल, त्यालाच कागदावर मालक व्हावं लागेल."

"मग माझं नाव घाला," आबा म्हणाले.

निशिगंधाने चमकून पाहिलं. "आबा, तुम्ही? सर्वेश तुमचंही तिकीट काढतो म्हणाला तेव्हा म्हणालात, पाण्याशिवाय कशावर तरंगणार नाही."

"म्हणालो होतो." आबांनी टोपी परत डोक्यावर चढवली. "मी घोळ घातला, मीच निस्तरणार. पासपोर्ट काढायचा कुठे, ते सांग. लिहा डॉक्टर. मालकाचं नाव, महिपत गोविंद पिलणकर."

डॉक्टरांनी बॅग उघडली. सुरमईने सुई टोचून घेताना फक्त एकदा "म्यांव" केलं आणि मग सगळ्या खळ्याला मोठ्याने टीं ऐकू आलं. सानिकाने स्वतःच्या हाताने नवे पंधरा आकडे वहीत उतरवून घेतले आणि रेल्वेत बसेपर्यंत तिचे ते पाठ झाले होते.

७

ते चार महिने आबांनी मनापासून राबून काढले. जुलैत सदूच्या रिक्षातून रक्त द्यायला गेले, सदू नाकाला रुमाल बांधून. व्हिसाच्या मुलाखतीत साहेबाने विचारलं, जर्मनीला कशासाठी जाताय? आबा म्हणाले, मांजर पोचवायला. साहेब हसला आणि शिक्का मारला, असं आबा सांगायचे. त्यातला शिक्का खरा होता.

ऑक्टोबरात विमान सुटलं आणि चार दिवसांनी संध्याताईंना सानिकाचा व्हिडिओ कॉल आला. सुरमई पोचली होती. दोन दिवस ती सोफ्याखालून बाहेर आली नाही आणि तिसऱ्या दिवशी पहाटे सानिकाच्या पोटावर येऊन बसली. आबा म्हणाले, विमानात ती ढाराढूर झोपली, मीच म्यांव म्यांव करत होतो. सर्वेश बंदरावर घेऊन जातो, तिथले मासे बघायला बरे, चवीला मात्र अळणी. तरी त्यांचा आवाज असा होता, जणू भरतीला होडी तरंगायला लागली आहे.

महिन्याभराने पुन्हा फोन आला. या वेळी पडद्यावर आबांचा चेहरा भलताच गोंधळलेला होता. मागे अर्धी भरलेली बॅग, कपाटं उघडी, गाद्या उलटलेल्या.

"संध्याताई, तुझी गरज पडलीय गो. परवा माझं परतीचं विमान आणि पासपोर्ट मिळत नाय. निशिगंधाने घर पालथं घातलान. टेबलाच्या खणात ठेवला होता मी, या हाताने."

"खणात शेवटचा कधी बघितलात?"

"काल सकाळी."

"घरात कोण कोण आलं?"

"कोण येणार? आम्ही चौघं नि ही मांजर."

संध्याताईंनी चष्मा वर केला. आबांच्या खांद्यामागे सानिका उभी होती. अभ्यासाचं पुस्तक उघडून ती इतक्या मन लावून वाचत होती, की पुस्तक उलटं धरलंय हेसुद्धा तिच्या ध्यानात आलं नव्हतं. तिने हळूच पुस्तकावरून डोळे वर केले आणि थेट संध्याताईंकडे पाहिलं.

संध्याताईंनी बावीस वर्षांत कुणाला विनातिकीट सोडलं नव्हतं.

"छे आबा," त्या म्हणाल्या. "हे मला एवढ्या लांबून काही सुटायचं नाही. व्हिसा आहे ना अजून दोन महिने? मग तिकीट पुढे ढकला, आणि सावकाश शोधा."